हरभऱ्याच्या गाठीतून शुद्ध रायझोबियम : प्रकल्पाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

सकाळच्या एसटीने लातूरहून औसा तालुक्यात मामाच्या शेतावर. हरभरा पेरून चव्वेचाळीस दिवस झालेत, फूल नुकतंच लागतंय. मुळावरच्या गाठी काढायला हीच वेळ चांगली. या गाठींत रायझोबियम राहतं, हवेतला नत्र पकडून झाडाला देणारा जिवाणू. तो बाकीच्यांपासून वेगळा, शुद्ध काढायचा, एवढाच हा प्रकल्प. घाटे भरायला लागले की झाड आपलं सगळं दाण्याकडे ओढतं, आणि मुळावरच्या गाठी आतून हिरवट-तपकिरी होऊन विझतात.

आठच्या सुमारास पानांवर आंब, म्हणजे हरभऱ्याचं आंबट दंव, होती. पोटऱ्यांना चुरचुरत होतं. झाड उपटायचं नाही हे मॅडमनी दहादा बजावलेलं, कारण काळी माती मूळ सोडत नाही आणि गाठी तुटून ढेकळातच राहतात. म्हणून बुंध्यापासून वीतभर लांब कुदळीने गोल खणून अख्खं ढेकूळ उचललं आणि बादलीत भिजत ठेवलं. माती आपोआप सुटली. मामा बांधावरून बघत होता. म्हणाला, "पीक वर असतंय गं, तू खाली काय हुडकायलीस?"

त्याला एक गाठ नखाने फोडून दाखवली. हरभऱ्याची गाठ सोयाबीनसारखी गोल मण्यासारखी नसते. ती फाटे फुटलेली असते, लहान बाळाच्या मिटलेल्या पंजासारखी. बाहेरून मळकट पांढरी, आणि फोडली की आत मांसासारखा गुलाबी रंग. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड. गाठीत मोकळा प्राणवायू वाढला तर नत्र पकडणारं एन्झाइम निकामी होतं. लेगहिमोग्लोबिन तो प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पोचवतं. गुलाबी गाठ म्हणजे काम चालू असलेली गाठ.

मामा बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिला. मग पत्र्याच्या शेडमधून त्याने रायझोबियमचं एक उघडं पाकीट आणून दिलं. गुळाच्या पाण्यात कालवून दहा किलो बियाण्याला चोळायचं ते पाकीट. त्यातलं अर्धं यंदा वापरलं, अर्धं उरलं. "ह्यात नेमकं काय हाय ते तरी सांग," म्हणाला. पाकीट घेऊन आले. दहा झाडांच्या गाठी ओल्या टीपकागदात गुंडाळून, डब्यात घालून, रात्री फ्रीजमध्ये.

२ डिसेंबर

माध्यम, म्हणजे जिवाणू वाढवायचं अन्न, केलं. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगर. लिटरला मॅनिटॉल १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, मीठ ०.१, अगर १५ ग्रॅम. अगर घालायच्या आधी पीएच ६.८ वर आणला. शिवाय कॉंगो रेडच्या एक टक्का द्रावणाचे अडीच मिली. हा रंग रायझोबियम फारसा उचलत नाही, त्याच्या कॉलन्या, म्हणजे वाढून दिसणारे ठिपके, पांढऱ्या राहतात. बाकीचे बरेचसे जिवाणू लाल होतात. मात्र प्लेटा अंधारात ठेवाव्या लागतात. उजेडात रायझोबियमही रंग धरू लागतं.

पाणी डिस्टिल्डच हवं. इथल्या बोअरचं पाणी इतकं जड की फॉस्फेट घातलं की तळाशी पांढरा गाळ बसतो. डिस्टिलेशनला एक लिटर मिळवताना थंडाव्यासाठी कितीतरी पाणी नुसतं वाहून जातं. आमच्या लॅबमध्ये ते वाया जात नाही. नळीखाली बादली असते आणि त्याच पाण्यात काचेची भांडी धुतली जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेलं हे लातूर. इथे बादली उचलायला कुणाला सांगावं लागत नाही.

माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या वाफेच्या कुकरमध्ये, १५ पौंड दाबावर वीस मिनिटं. झडप बंद करण्याआधी वाफेची सलग जाड धार येईपर्यंत थांबले. आत हवा अडकून राहिली तर काटा पंधरावर दिसतो, पण तापमान १२१ अंशांना पोचत नाही, आणि अशा अर्धवट तापलेल्या माध्यमात बीजाणू, म्हणजे काही जिवाणूंची चिवट, झोपी गेलेली रूपं, जिवंत राहतात.

माध्यम ओतताना फॅनी हेसे यांची आठवण झाली. १८८१ च्या सुमारास जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वेगळे करायला बटाट्याच्या चकत्या आणि जिलेटिन वापरत. जिलेटिन पंचवीस-अठ्ठावीस अंशांना वितळतं, शिवाय कितीतरी जिवाणू ते पचवून पातळ करतात. फॅनी यांनी तिथेच काम करणाऱ्या नवऱ्याला स्वयंपाकघरातलं अगर सुचवलं, ज्याने त्या जेली घट्ट करत. म्हणजे आपल्याकडच्या किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं ते. ते उकळीच्या जवळ गेल्यावर वितळतं आणि चाळीसच्या आसपास खाली आलं की घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की लातूरच्या मे महिन्यातही प्लेट पातळ होत नाही. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जिवाणूवर लिहिताना अगरचा उल्लेख केला, फॅनी यांचा नाही. ही गोष्ट मला दर वेळी लागते.

३ डिसेंबर

गाठी निर्जंतुक करायचा दिवस. यात दोन टोकं सांभाळायची असतात. गाठीच्या सालीवर मातीतले हजार तऱ्हेचे जिवाणू, ते सगळे मेले पाहिजेत. पण औषध आत झिरपून आतलं रायझोबियम मरता कामा नये. म्हणून गाठ फुटकी नको, तुटकी नको. मुळाचा बारीक तुकडा दोन्ही बाजूंना ठेवूनच कापायची.

९५ टक्के अल्कोहोलमध्ये दहा सेकंद. यात जंतू मारण्यापेक्षा साल ओली होणं आणि तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटणं महत्त्वाचं. मग ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये चार मिनिटं. जुन्या पद्धतीत पाऱ्याचा क्लोराइड वापरत, आमच्याकडे तो आता हाताळू देत नाहीत, आणि बरंच आहे. मग निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुतलं. चिमटा दर वेळी ज्योतीतून काढून. शेवटी थेंबभर पाण्यात काचेच्या कांडीने गाठ चिरडली. दुधाळ पाणी सुटलं. त्यातलं लूपभर (लूप म्हणजे टोकाला कडं असलेली तार) घेऊन प्लेटवर ओढलं.

एक प्लेट साक्षीदार म्हणून वेगळी. सहाव्या धुण्याचं पाणी तिच्यावर टाकलं आणि न फोडलेली गाठ तिच्यावरून लोळवली. साल खरंच निर्जंतुक झाली असेल तर या प्लेटवर काही उगवता कामा नये.

४ डिसेंबर

साक्षीदार प्लेटवर उगवलं. चोवीस तासांत, गाठ लोळवली त्याच वाटेने, पिवळट-लाल पट्टा. म्हणजे कालच्या सगळ्या प्लेटा बाद. हरभऱ्याचं रायझोबियम एका दिवसात दिसत नाहीच, त्याला पाच-सहा दिवस लागतात. पहिल्याच सकाळी दिसलं ते बाहेरचं.

चूक माझी. हायपोक्लोराइटची बाटली उन्हाळ्यापासून उघडलेली, खिडकीशेजारच्या फळीवर होती. उजेडाने आणि उष्णतेने त्यातला क्लोरीन उडून जातो. वासही नव्हता, तो मी लक्षातच घेतला नाही.

५ डिसेंबर

नवी बाटली फोडली, उरलेल्या गाठींवर सगळं पुन्हा. या वेळी नाकाला झोंबलं.

६ डिसेंबर

साक्षीदार प्लेट कोरी. रात्री तीन तास लाईट नव्हती, इनक्युबेटर २८ वरून २१ वर आला होता. जिवाणू मरणार नाहीत, मंदावतील.

१० डिसेंबर

आल्या. आठ प्लेटांपैकी सहांवर. उजेडाकडे धरून पाहिल्या. कॉलनी पांढरी, किंचित पारभासक, फुगीर, कडा गुळगुळीत, दोन-तीन मिलिमीटर. लूप टेकवून उचलला तर तार येते, पाकाला येते तशी. हा डिंक जिवाणू स्वतःभोवती तयार करतो. सहा प्लेटांवरून सात कॉलन्या निवडल्या, औ-१ ते औ-७ अशी नावं दिली. औ म्हणजे औसा.

नेदरलँड्समध्ये बायजेरिंक यांनी १८८८ मध्ये गाठीतला जिवाणू पहिल्यांदा वेगळा करून वाढवला. त्यांनाही पहिल्या दिवशी असाच पांढरा ठिपका दिसला असेल का, हा विचार दिवसभर डोक्यात होता.

११ डिसेंबर

सातही पुन्हा स्ट्रीक केल्या, म्हणजे नव्या प्लेटांवर रेघांनी ओढल्या. हे काम हाताला आलं पाहिजे, वाचून येत नाही. लूप लाल होईस्तोवर तापवायचा, प्लेटच्या कडेला अगरवर टेकवून थंड करायचा, कॉलनीचा टाचणीच्या टोकाएवढा भाग उचलायचा. भरपूर घेतलं की भरपूर वेगळं होत नाही, उलट होतं. पहिल्या कोपऱ्यात दाट रेघा. लूप पुन्हा तापवायचा. पहिल्या रेघांच्या टोकातून दोनदाच ओढून दुसरा कोपरा. पुन्हा तापवायचा. तिसरा. चौथ्यात मोकळी नागमोडी एकच रेघ, पहिल्या कोपऱ्याला न शिवता. दर टप्प्यात जिवाणू विरळ होत जातात आणि शेवटी एकेकटे पडतात. मध्ये तापवणं विसरलं तर चारही कोपरे सारखेच दाट येतात. आमच्या वर्गात निम्म्या प्लेटा याच एका कारणाने वाया जातात.

१६ डिसेंबर

प्लेटा देखण्या. चौथ्या कोपऱ्यात सुट्या कॉलन्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकसारख्या. मी वहीत "शुद्ध" असं लिहून मॅडमना दाखवायला नेलं. त्यांनी प्लेट पाहिली नाही, विचारलं, "ग्रॅम केलंस?"

ग्रॅम म्हणजे जिवाणूंचे गट ओळखायची रंगपरीक्षा. केलं. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. औ-३ ची स्लाइड तेलाच्या लेन्सखाली धरली. गुलाबी आखूड काड्यांचा समुद्र, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह, हवं तेच. काड्यांमध्ये न रंगलेले फिके ठिपके, ते त्यांच्या साठवणीच्या चरबीसारख्या पदार्थाचे, तेही हवंच. मग स्लाइड सरकवली आणि एका कडेला जांभळ्या, जाड, लांब काड्यांची साखळी दिसली. दोन काड्यांच्या पोटात बीजाणूची रिकामी चकाकी. मी ती जागा हरवू नये म्हणून स्टेजवरचे आकडे लिहून घेतले आणि तशीच बसून राहिले.

सातापैकी पाचांत ही जांभळी काडी सापडली. बॅसिलसच असणार, मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत आणि हायपोक्लोराइटची चार मिनिटंही काही जण तगून काढतात. पण साक्षीदार प्लेट तर कोरी होती, आणि कॉलनी सुटी होती. मग हा आला कुठून?

मॅडम म्हणाल्या, "अगं, डिंकात बसलाय तो." आणि मग नीट समजावलं. सुटी कॉलनी म्हणजे एका पेशीची संतती, असं आपण धरून चालतो. पण डिंकाने पेशी एकमेकींना चिकटतात. लूपवरून सुटणारा कण एका पेशीचा नसून पन्नास पेशींचा गोळा असतो, आणि त्यात एखादा परका असला तरी कॉलनी गोल, पांढरी, गुळगुळीतच दिसते. एखादा बीजाणू गाठीच्या बेचक्यात राहिला असेल आणि चिरडताना मिसळला असेल. लोळवलेल्या गाठीचा बेचका अगरला टेकतच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"शुद्ध" खोडलं.

१७ डिसेंबर

डिंक सोडवायचा. कॉलनी ०.०१ टक्का ट्वीन घातलेल्या निर्जंतुक पाण्यात टाकली, काचेचे मणी घालून दहा मिनिटं हलवली. ट्वीन साबणासारखं काम करतं, गोळे सुटतात. मग नऊ मिली पाण्यात एक मिली, त्यातलं एक पुढच्या नऊमध्ये, असं सहा नळ्यांपर्यंत विरळ केलं. चौथी, पाचवी, सहावी नळी प्लेटांवर पसरली. हे सातही कल्चरचं. पाठ भरून आली.

२३ डिसेंबर

पाचव्या-सहाव्या नळीच्या प्लेटांवर सुट्या कॉलन्या. प्रत्येकीच्या एका कॉलनीवरून तिसऱ्यांदा स्ट्रीक.

२८ डिसेंबर

तिसऱ्या स्ट्रीकची ग्रॅम. प्रत्येक स्लाइडवर वीस जागा बघायच्या असं ठरवलं होतं, चाळीस बघितल्या. औ-१, औ-३, औ-४, औ-७ मध्ये जांभळं काही नाही. बाकीच्या तिघींत अजून आहे, त्या बाजूला ठेवल्या.

या चौघींना ग्लुकोज पेप्टोन अगरवर लावलं. रायझोबियम त्यावर जवळजवळ वाढत नाही, बॅसिलस एका रात्रीत पसरतो. म्हणजे आपल्या जिवाणूला उपाशी ठेवायचं आणि लपलेल्याला जेवायला बोलवायचं.

३० डिसेंबर, येळवस (वेळ अमावास्या)

ग्लुकोज पेप्टोनच्या प्लेटा सकाळी पाहून निघाले. चौघी स्वच्छ, नुसता पुसट पापुद्रा.

दुपारी मामाच्या शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली अंबील. भज्जीत आमच्याच शेतातला ओला हरभरा होता. आजीला विचारलं, अंबील आंबते कशी? ती म्हणाली, ताकाने आणि रात्रीने. त्या मडक्यात कितीतरी जातींचे जिवाणू एकमेकांच्या आधाराने नांदतात, आणि चव त्या सगळ्यांची मिळून येते. विरजणाचंही तेच. महिनाभर मी एकाला बाकीच्यांपासून तोडण्यात घालवला होता. मडक्यातून वाटी भरताना जाणवलं की एकटा जिवाणू निसर्गात जवळजवळ कुठेच नसतो. तो आपण करतो, त्याला ओळखता यावं म्हणून.

मामाने पाकिटाचं काय झालं विचारलं. अजून बघितलं नाही म्हणाले. वाईट वाटलं.

२ जानेवारी २०२५

ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्ल दाखवणारा रंग) घातलेल्या माध्यमावर चौघींनी हिरव्याचं पिवळं केलं, म्हणजे आम्ल तयार करतात. सोयाबीनचे सावकाश वाढणारे जिवाणू हेच माध्यम निळं करतात. जुळतंय.

६ जानेवारी

मामाचं पाकीट. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत रायझोबियम हवेत, आणि एक लाख पट विरळ केल्यावर परकं काही दिसता कामा नये. दहा ग्रॅम पावडर नव्वद मिली पाण्यात, तिथून दहापट-दहापट खाली. कॉंगो रेड प्लेटा, तीन-तीन.

११ जानेवारी

एक लाख पट विरळ केलेल्या प्लेटांवर पांढऱ्या कॉलन्या तीन, चार आणि चार. पाच कोटी असत्या तर याच प्लेटवर पाचशेच्या आसपास असत्या. लाल आणि पिवळ्या मात्र प्रत्येकीवर पन्नासच्या वर. मोजायला ३० ते ३०० कॉलन्यांची प्लेट धरतात, म्हणून तीन-चारवरून नेमका आकडा मांडणार नाही. पण जे दिसायचं ते दिसलं.

याचा दोष बनवणाऱ्यावर टाकता येणार नाही. पाकीट उघडं, तोंड दोऱ्याने बांधलेलं, पत्र्याखाली. अशा शेडमध्ये ऑक्टोबरच्या दुपारी हात ठेववत नाही. मामाला फोन केला. पाकीट घरात, माठाशेजारी, उन्हापासून लांब ठेवायचं आणि उघडलं की त्याच दिवशी संपवायचं, एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मंग अर्ध्या रानाला मी मातीच चोळली म्हण की." काय बोलावं कळलं नाही. खरं तर त्याच्या रानात रायझोबियम आधीपासून आहे, म्हणूनच तर गुलाबी गाठी मिळाल्या. तेही सांगितलं.

१२ जानेवारी

शेवटची परीक्षा झाडाची. हरभऱ्याचं बी निर्जंतुक करून ओल्या टीपकागदावर मोड आणले. वाळू आम्लाने, मग पाण्याने धुऊन ऑटोक्लेव्ह केलेली. अन्न म्हणून नत्र नसलेलं जेन्सन द्रावण. चार कल्चर, प्रत्येकी पाच बरण्या, दर बियाला एक मिली. पाच बरण्या काहीच न घालता, आणि पाच बरण्यांना जिवाणू नाही पण पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आयता नत्र. न घातलेल्या बरण्यांत एक जरी गाठ आली तर सगळं फुकट, कारण मग गाठ कुणी आणली ते सांगता येणार नाही.

३ फेब्रुवारी

काही न घातलेली झाडं पिवळी पडायला लागलीत, खालच्या पानांपासून. नायट्रेटवाली हिरवीगार. औ-३ ची हिरवी. औ-७ ची पिवळी.

१६ फेब्रुवारी

बरण्या फोडल्या. न घातलेल्या पाचांवर एकही गाठ नाही. हे पहिलं पाहिलं आणि मग श्वास सोडला.

औ-३ : पाचही झाडांवर गाठी, मुख्य मुळाच्या वरच्या दोन इंचांत दाटीने. औ-१ आणि औ-४ : चार-चार झाडांवर. औ-७ : एकाही झाडावर नाही. पांढरी, डिंकाळ, ग्रॅम निगेटिव्ह, ग्लुकोज पेप्टोनवर स्वच्छ, सगळ्या परीक्षांत पास झालेली औ-७. ती शुद्ध होती, फक्त रायझोबियम नव्हती.

१९ फेब्रुवारी

औ-७ लॅक्टोजच्या माध्यमावर दोन दिवस वाढवून आज बेनेडिक्टचं द्रावण ओतलं. तासाभरात कॉलनीभोवती पिवळं कडं. ॲग्रोबॅक्टेरियम. लॅक्टोजपासून किटोलॅक्टोज तोच करतो, रायझोबियम करत नाही. हा रायझोबियमचा जवळचा नातलग, मातीत आणि गाठींच्या सालीवर राहणारा. कॉंगो रेड तो सहसा लाल उचलतो आणि ग्लुकोज पेप्टोनवरही सहसा चांगला वाढतो, हिने दोन्ही केलं नाही. नुसत्या रंगावर निवडली असती तर हीच पुढे गेली असती, सगळ्यांत सुबक हिचीच कॉलनी होती.

औ-३ च्या झाडावरची एक गाठ कापली. गुलाबी. नव्या हायपोक्लोराइटमध्ये चार मिनिटं, सहा धुणी, चिरडून प्लेट. साक्षीदार प्लेटवर या वेळी गाठ लोळवली नाही, चिमट्याने फाटे उलगडून बेचका अगरवर दाबला.

२५ फेब्रुवारी

साक्षीदार कोरी. प्लेटवर पांढऱ्या, तार येणाऱ्या कॉलन्या. ग्रॅमच्या चाळीस जागा बघितल्या, सगळ्या गुलाबी. ब्रोमोथायमॉल पिवळा.

औ-३ च्या सहा नळ्या केल्या. चार स्लँट, म्हणजे तिरक्या अगरच्या नळ्या, ४ अंशांवर फ्रीजमध्ये, दोन ग्लिसरॉलमध्ये उणे वीसवर. लेबलवर मामाच्या शेताचा गट नंबर लिहिला. वहीतल्या १६ डिसेंबरच्या पानावर खोडलेला शब्द तसाच आहे. आज त्याच्यापुढे तारीख घालून पुन्हा लिहिला, आणि मॅडमनी खाली सही केली.